‘डीन डोम’ सोडायचं की सांभाळायचं? कॉलेजच्या एका बास्केटबॉल स्टेडियमवरून नॉर्थ कॅरोलायनात एवढा वाद का?

मायकेल जॉर्डन हे नाव बास्केटबॉल न पाहणाऱ्यांनाही माहीत असतं. पण शिकागो बुल्सचा सुपरस्टार होण्याआधी तो एका कॉलेजच्या संघातून खेळायचा, हे अनेकांना ठाऊक नसतं. ते कॉलेज म्हणजे अमेरिकेतल्या चॅपल हिल गावातलं युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना. आकाशी निळ्या जर्सीतल्या या संघाला ‘टार हील्स’ म्हणतात. १९८२ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात पहिल्याच वर्षाला असलेल्या जॉर्डनने शेवटच्या काही सेकंदांत बास्केट मारली आणि संघाने जॉर्जटाउनला ६३-६२ असं हरवलं. तिथपासून हे नाव जगभर झालं.

याच संघाच्या चाहत्यांमध्ये आता जोरदार जुंपली आहे. विषय वरवर पाहता साधा आहे. संघाचं घरचं मैदान, म्हणजे डीन ई. स्मिथ सेंटर, जुनं झालंय. ते दुरुस्त करायचं, त्याच जागी नवं बांधायचं, की कॅम्पसपासून दूर नवा अरिना उभारायचा?

पण हा वाद फक्त सिमेंट आणि खुर्च्यांचा नाही. कॉलेजचा संघ नेमका कुणाचा असतो? विद्यार्थ्यांचा, देणगीदारांचा, की वर्षानुवर्षं वरच्या गॅलरीत बसून घसा कोरडा करणाऱ्या सामान्य माणसाचा? खरा प्रश्न तो आहे.

नेमके पर्याय काय आहेत?

विद्यापीठाने गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या जागा आणि योजना तपासल्या. २०२५ मध्ये त्यावर उघड चर्चा सुरू झाली. ढोबळमानाने तीन प्रकारचे पर्याय समोर आहेत.

पहिला, आहे तीच इमारत दुरुस्त करायची. दुसरा, मुख्य कॅम्पसवरच, म्हणजे सध्याच्या जागी किंवा आसपास, नवा अरिना बांधायचा. तिसरा, कॅम्पसबाहेर जायचं. यात सर्वात जास्त चर्चा ‘कॅरोलायना नॉर्थ’ या जागेची आहे. मुख्य कॅम्पसपासून सुमारे २ मैलांवर विद्यापीठाची मोठी जमीन आहे. तिथे पूर्वी हॉरेस विल्यम्स नावाचा छोटा विमानतळ होता, तो २०१८ मध्ये बंद झाला. या जमिनीवर घरं, संशोधन इमारती, दुकानं असं नवं उपनगरच वसवायचा विद्यापीठाचा जुना विचार आहे आणि २०२५ मध्ये चॅन्सलर ली रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत त्याला पुन्हा गती मिळाली. नवा अरिना त्या उपनगराचं मुख्य आकर्षण ठरू शकतो, हा त्यामागचा हिशोब.

इथेच ठिणगी पडली. संघाला तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे माजी प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांनी अरिना कॅम्पसवरच राहावा, अशी जाहीर भूमिका घेतली. डीन स्मिथ सेंटरच्या कोर्टलाच २०१८ पासून विल्यम्स यांचं नाव आहे. असा माणूस विरोधात उभा राहिल्यावर चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले.

हे स्टेडियम उभं कसं राहिलं?

डीन स्मिथ हे १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षं या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांनी ८७९ सामने आणि १९८२ व १९९३ ची विजेतेपदं जिंकली. पण लोक त्यांना फक्त त्यासाठी ओळखत नाहीत. दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेद ठासून भरलेला असताना त्यांनी १९६० च्या दशकात चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन संघात आणलं. २०१५ मध्ये स्मिथ वारले. त्यानंतर त्यांच्या जुन्या खेळाडूंच्या घरी २०० डॉलरचे चेक पोहोचले. ‘माझ्यातर्फे बाहेर जेवायला जा’ अशी सोय त्यांनी मृत्युपत्रातच करून ठेवली होती. म्हणून चाहत्यांसाठी ‘डीन डोम’ ही नुसती इमारत नाही.

या स्टेडियममधला पहिला सामना १८ जानेवारी १९८६ रोजी झाला. समोर होता शेजारचा कट्टर प्रतिस्पर्धी ड्यूक. नॉर्थ कॅरोलायनाने तो ९५-९२ असा जिंकला. क्षमता सुमारे २१,७५०. कॉलेजच्या स्वतःच्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये एवढ्या खुर्च्या आजही फार कमी ठिकाणी आहेत.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हे स्टेडियम सरकारी पैशातून बांधलेलं नाही. सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर खर्च आला आणि तो देणगीदारांनी उचलला. त्या बदल्यात मोठी रक्कम देणाऱ्यांना कोर्टाजवळच्या चांगल्या खुर्च्यांवर दीर्घकाळाचे हक्क मिळाले. त्या काळी हा सौदा शहाणपणाचा वाटला. पण आजच्या निम्म्या कटकटीचं मूळ त्याच सौद्यात आहे.

‘चीज-वाइनवाली’ गर्दी

कोर्टाच्या अगदी जवळ कोण बसतं, यावर स्टेडियमचा आवाज ठरतो. डीन डोममध्ये खालच्या बऱ्याच खुर्च्या देणगीदारांकडे गेल्या. कालांतराने ही मंडळी वयस्कर झाली. विद्यार्थ्यांच्या वाट्याला एका बास्केटमागची उभं राहण्याची जागा, खालच्या भागातले काही तुकडे आणि उरलेली वरची गॅलरी आली.

परिणाम काय झाला? १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेट संघाने इथे येऊन सामना जिंकला. त्यानंतर त्यांच्या सॅम कॅसेलने इथल्या प्रेक्षकांना ‘चीज आणि वाइनवाली’ गर्दी म्हटलं. म्हणजे सामना बघायला नाही, तर मेजवानीला आल्यासारखे निवांत बसलेले लोक. हा टोमणा तीन दशकांनंतरही चाहत्यांच्या जिव्हारी लागतो.

आणि तुलना कायम डोळ्यांसमोर असते. ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम इथून जेमतेम १५ किलोमीटरवर आहे. ते १९४० मध्ये उघडलं. क्षमता फक्त ९,३१४. पण कोर्टाला खेटून विद्यार्थी उभे असतात आणि मोठ्या सामन्याआधी दिवसेंदिवस तंबू ठोकून रांग लावतात. पाहुण्या संघाला तिथे स्वतःच्या प्रशिक्षकाचं बोलणंही ऐकू येत नाही.

त्यामुळे एका गोष्टीवर दोन्ही तटांचं एकमत आहे: विद्यार्थी खाली आले पाहिजेत. मतभेद आहे तो त्यासाठी इमारत बदलायलाच हवी का, यावर. देणगीदारांचे हक्क तसेच राहिले, तर नव्या इमारतीतही तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसतील. हक्कांची फेरमांडणी झाली, तर जुन्या इमारतीतही आवाज वाढेल. प्रश्न वास्तुरचनेचा कमी आणि करारांचा जास्त आहे.

मग दुरुस्ती करून भागणार नाही का?

ऐकायला सोपं वाटतं, पण इथे खरी अडचण आहे.

स्टेडियम १९८६ चं आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा अमेरिकेतला मुख्य कायदा १९९० चा. जुन्या इमारतीत मोठे फेरबदल करायला घेतले की नव्या नियमांप्रमाणे व्हीलचेअरसाठी जागा, उतार, रुंद वाटा, कठडे हे सगळं करावं लागतं. हे हवंच, त्यात वाद नाही. पण उभ्या चढाच्या गॅलरीत या सोयी बसवायच्या तर खुर्च्या कमी होतात. म्हणजे दुरुस्तीनंतरचं डीन डोम आजच्याएवढं मोठं राहणार नाही.

शिवाय छप्पर, पाण्याच्या आणि विजेच्या यंत्रणा जुन्या झाल्यात. बाहेरच्या मार्गिका गर्दीच्या मानाने अरुंद आहेत. आजच्या अरिनांमध्ये कंपन्यांना आणि श्रीमंत ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या खासगी खोल्या असतात. डीन डोम बांधताना तो विचारच झाला नव्हता.

आणि दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी त्याच जागी करायची तर तोवर संघाने खेळायचं कुठे? दूरच्या स्टेडियममध्ये एक-दोन हंगाम काढायचे तर विद्यार्थी येणार कसे? मोकळ्या जमिनीवर नवं बांधलं तर ही अडचण येत नाही. कॅरोलायना नॉर्थच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वात दमदार मुद्दा आहे.

दोन मैलांनी एवढा काय फरक पडतो?

मुंबई-पुण्यात रोज तासभर प्रवास करणाऱ्याला दोन मैल म्हणजे काहीच वाटणार नाही. पण चॅपल हिल हे कॉलेजचं गाव आहे. डीन डोम दक्षिण कॅम्पसवर आहे आणि पहिल्या वर्षाचे बरेच विद्यार्थी राहतात ती वसतिगृहं हाकेच्या अंतरावर आहेत. रात्री नऊचा सामना असला तरी खोलीतून निघायचं आणि चालत पोहोचायचं. ड्यूकला हरवलं की हजारो विद्यार्थी धावत फ्रँकलिन स्ट्रीटवर येतात आणि रस्त्यावरच जल्लोष होतो. या गावाची ही दिवाळीच म्हणा.

पहिल्या वर्षाच्या अनेकांकडे गाडी नसते. मंगळवारी रात्री पाऊस पडतोय, दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे, समोरचा संघ फारसा मोठा नाही. अशा वेळी चालत जाणारा विद्यार्थी जाईल, बसची वाट पाहणारा कदाचित जाणार नाही.

दुसरी बाजू म्हणते की डीन डोमला येणाऱ्यांत विद्यार्थ्यांपेक्षा बाहेरून गाडीने येणारे कितीतरी जास्त असतात आणि त्यांच्यासाठी सध्याची जागा म्हणजे पार्किंगचा वनवास आहे. रिसर्च ट्रँगल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात गेल्या काही दशकांत आयटी आणि औषध कंपन्यांमुळे लोकसंख्या झपाट्याने वाढली. कॅरी, मॉरिसव्हिल या गावांत भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, त्यांत मराठीही आले. त्यांच्यातल्या एखाद्याला मुलांना घेऊन सामन्याला जायचं तर गाडी लावायची कुठे, हा पहिला प्रश्न असतो. कॅरोलायना नॉर्थजवळून जलद बससेवेचा मार्गही नियोजित आहे. त्यामुळे तिथे पोहोचणं पुढे सोपं होऊ शकतं, असा या बाजूचा दावा आहे.

मध्येच पैशाचा विषय कुठून आला?

हा वाद नेमका आत्ताच का पेटला, हे समजायचं तर कॉलेज खेळांचं बदललेलं गणित पाहावं लागेल.

अमेरिकेत कॉलेजचे खेळ हा अब्जावधींचा धंदा आहे. तरीही अनेक दशकं खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे पैसे मिळत नव्हते. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली. २०२४ पासून खेळाडू हवं तितक्या वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो, फक्त अभ्यासाच्या अटी पाळायच्या.

मग आला सर्वात मोठा बदल. ६ जून २०२५ रोजी ‘हाऊस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई ठरली आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजसाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

म्हणजे क्रीडा विभागाच्या ताळेबंदात रातोरात एवढा मोठा नवा खर्च आला. टीव्हीच्या पैशातून तो भरून काढावा म्हटलं, तर नॉर्थ कॅरोलायना ज्या गटात खेळते त्या ‘एसीसी’चं उत्पन्न ‘एसईसी’ आणि ‘बिग टेन’ या गटांपेक्षा कमी आहे.

त्यात या विद्यापीठाचे २८ संघ आहेत. त्यांत महिलांचा सॉकर संघ आहे, ज्याने २२ एनसीएए विजेतेपदं जिंकली आहेत. मिया हॅम इथलीच. पण असे बहुतेक खेळ स्वतःचा खर्च काढत नाहीत. त्यांना पोसतात फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल. या दोन गाड्या अडखळल्या तर मागचे सगळे डबे अडखळतात.

अशा वेळी व्यवस्थापनाची नजर अरिनाकडे जाते. खासगी खोल्या, महागड्या खुर्च्या, मैफली, जाहिराती. सामने वर्षाला फार नसतात, बाकीचे दिवस इमारतीने कमवायला हवं.

संघाच्या दिशेबद्दल नाराजी का?

इमारतीच्या वादात संघाच्या कामगिरीचा राग मिसळला आहे.

या संघाची अनेक वर्षं एक रीत होती: सूत्रं घरातल्याच माणसाकडे. स्मिथ यांच्यानंतर त्यांचे सहायक बिल गथरिज, मग त्यांचे माजी खेळाडू मॅट डोहर्टी, मग त्यांचे माजी सहायक रॉय विल्यम्स, आणि २०२१ मध्ये माजी खेळाडू ह्युबर्ट डेव्हिस. डेव्हिस यांचं पहिलंच वर्ष स्वप्नवत होतं. ड्यूकचे दिग्गज प्रशिक्षक माइक शिशेव्हस्की यांच्या शेवटच्या घरच्या सामन्यात त्यांना हरवलं, मग अंतिम चारमध्ये पुन्हा हरवलं. कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांची आघाडी होती. पण सामना ७२-६९ असा हातातून गेला.

त्यानंतर आलेख झोके घेत राहिला. २०२२-२३ मध्ये हंगामाआधी पहिल्या क्रमांकावर असलेला संघ राष्ट्रीय स्पर्धेला पात्रही ठरला नाही. पुढच्या वर्षी तो अव्वल मानांकनासह गेला आणि शेवटच्या सोळांत अलाबामाकडून हरला. २०२४-२५ मध्ये कसाबसा प्रवेश मिळाला आणि खऱ्या अर्थाने पहिल्याच फेरीत बाहेर पडावं लागलं.

काही चाहते म्हणाले, घराणेशाही पुरे, बाहेरचा माणूस आणा. काहींचं म्हणणं होतं की नियमच बदललेत, एकट्या प्रशिक्षकाला दोष देऊन काय होणार? विद्यापीठाने मधला मार्ग काढला. २०२५ मध्ये खेळाडूंचे एजंट म्हणून काम केलेल्या जिम टॅनर यांना व्यावसायिक संघांसारखं जनरल मॅनेजर पद दिलं.

दुसरीकडे फुटबॉलमध्ये विद्यापीठाने मोठा डाव टाकला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सला सहा सुपर बोल जिंकून देणारे बिल बेलिचिक यांना वर्षाला १ कोटी डॉलर देऊन आणलं. पहिल्याच सामन्यात टीसीयूने ४८-१४ ने धूळ चारली आणि २०२५ चा हंगाम ४ विजय, ८ पराभव असा संपला. क्रीडा संचालकपदासाठीही वारसदार म्हणून स्टीव्ह न्यूमार्क यांची निवड झाली. ते मोटार शर्यतींच्या नॅसकार संघाच्या व्यवस्थापनातून आलेले.

बास्केटबॉलच्या चाहत्यांना यातून एकच चित्र दिसलं: पैसा आणि लक्ष फुटबॉलकडे, कारभार व्यापाऱ्यांकडे आणि आता घरही हलवणार. अरिनाला होणाऱ्या विरोधात हा अविश्वास मोठ्या प्रमाणात आहे.

नवं स्टेडियम म्हणजे विजय, हे खरं का?

इथे दोन्ही बाजूंचे दावे तपासून घ्यायला हवेत.

आधी ‘नवं बांधा, म्हणजे संघ सुधारेल’ हा दावा. ड्यूकचं स्टेडियम ऐंशी वर्षांहून जुनं आहे, तरी त्यांना उत्तम खेळाडू मिळतात. खुद्द डीन डोममध्ये आल्यावर नॉर्थ कॅरोलायनाने १९९३, २००५, २००९ आणि २०१७ अशी चार विजेतेपदं जिंकली. इमारत आड आली नाही.

राहिला पैशाचा मुद्दा. खेळाडूंना द्यायच्या रकमेवर सगळ्यांना सारखीच मर्यादा आहे. त्यामुळे अरिनाने वर्षाला जास्त कमावलं, तरी तो सगळा पैसा कॉलेजच्या खात्यातून थेट खेळाडूंच्या हातात जाऊ शकत नाही. फायदा एवढाच की मर्यादेपर्यंतची रक्कम देताना बाकीच्या संघांवर कात्री चालवावी लागणार नाही. तोही तेव्हाच, जेव्हा बांधकामाच्या कर्जाचा हप्ता वाढीव कमाईपेक्षा कमी असेल. शिवाय पैसे आज हवेत आणि अरिना उभा राहायला काही वर्षं लागतील.

आता ‘परंपरा मोडू नका’ हा दावा. मायकेल जॉर्डन डीन डोमला घरचं मैदान मानून एकही सामना खेळला नाही. तो १९८४ मध्ये एनबीएत गेला, हे स्टेडियम १९८६ चं. त्याचं मैदान होतं कारमायकल ऑडिटोरियम, जे आजही उभं आहे आणि तिथे महिलांचा संघ खेळतो. कारमायकल लहान होतं, पण तिथला गोंगाट कान फाडायचा. म्हणजे हा संघ मोठ्या आणि नव्या घरासाठी एकदा परंपरा सोडून आलेलाच आहे. तेव्हा ‘आहे तिथेच राहा’ म्हटलं असतं, तर डीन डोम झालंच नसतं.

मात्र एक फरक आहे. तेव्हाचं स्थलांतर कॅम्पसच्या आतलं होतं.

इतरांचा अनुभव काय सांगतो?

शेजारच्या रॅले शहरातलं नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ १९९९ मध्ये कॅम्पसवरचं रेनॉल्ड्स कोलिझियम सोडून बाहेर गेलं. आता ज्याला लेनोव्हो सेंटर म्हणतात त्या अरिनात ते एनएचएलच्या हॉकी संघासोबत राहतात. मैदान मोठं, सोयी उत्तम. पण आपण तिथे भाडेकरू वाटतो, ही खंत त्यांच्या अनेक चाहत्यांना आहे. त्यांची दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं, १९७४ आणि १९८३, रेनॉल्ड्सच्या काळातली. याचा दोष इमारतीला देणं बरोबर नाही, कारण २०२४ मध्ये याच संघाने अंतिम चारपर्यंत धडक मारली.

टेक्ससने २०२२ मध्ये ऑस्टिनला मूडी सेंटर उघडलं. खासगी कंपनीने बांधलं आणि मैफलींतून कमाई करण्याचा हक्क घेतला. बास्केटबॉलसाठी क्षमता मुद्दाम लहान, विद्यार्थी कोर्टाजवळ. कागदावर हे आदर्श मॉडेल. पण याच प्रकल्पाच्या निविदेत संगनमत केल्याच्या आरोपावरून ओक व्ह्यू ग्रुपचे प्रमुख टिम लायविकी यांच्यावर जुलै २०२५ मध्ये फेडरल आरोपपत्र दाखल झालं. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. खासगी भागीदार आणायचा तर निविदेवर किती बारीक नजर हवी, हे यातून दिसतं.

ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरात वेगळाच प्रकार झाला. तिथे विद्यापीठाच्या संघांसाठी सुमारे ८,००० क्षमतेचा अरिना आणि भोवती मनोरंजन वसाहत, अशी योजना आली. तिथल्या भावी करउत्पन्नातून ६० कोटी डॉलरपर्यंत मदत द्यायला नगर परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी मंजुरी दिली. नागरिकांनी हजारो सह्या गोळा करून मतदान मागितलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

मग यात हरणार कोण?

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे: नवे अरिना लहान होत चाललेत. त्याला कारण आहे. कमी खुर्च्या म्हणजे भरलेलं स्टेडियम, जास्त आवाज आणि चढं तिकीट.

चॅपल हिलमध्येही आकार घटला तर काय होईल, याचा विचार करा. देणगीदार आपली जागा सोडणार नाहीत, कारण बांधकामाचे पैसे तेच देणार. विद्यार्थ्यांना खाली आणावंच लागेल, कारण सगळ्यांनी तेच कबूल केलंय. मग कमी होणाऱ्या खुर्च्या कुणाच्या? वरच्या गॅलरीतल्या. तिथे बसतो राज्याच्या कुठल्याशा गावातून तीन तास गाडी चालवून, मुलाला पहिला सामना दाखवायला आलेला बाप. तो या विद्यापीठात शिकलेला नसेल, पण या सार्वजनिक विद्यापीठाला कर मात्र देतो.

२१,७५० खुर्च्यांचं डीन डोम कमी आवाजाचं असेल, महागड्या खोल्या नसलेलं असेल. पण त्याच्या अवाढव्यपणामुळेच अशा माणसाला आत जागा होती. देणगीदार आणि विद्यार्थी यांच्या भांडणात या तिसऱ्या माणसाचं नाव फारसं कुणी घेत नाही.

पुढे लक्ष कशाकडे ठेवायचं?

निर्णय कोणताही होवो, चार गोष्टींवरून तो कुणाच्या हिताचा आहे ते कळेल.

एक, जुन्या देणगीदारांच्या खुर्च्यांच्या हक्कांचं काय होणार, हे लेखी जाहीर होतं का? दोन, विद्यार्थ्यांच्या जागा किती आणि कोर्टापासून किती अंतरावर, याचा नकाशा बांधकामाआधी मिळतो का? तीन, वरच्या स्वस्त तिकिटांची किमान संख्या ठरवली जाते का? आणि चार, कर्ज फेडायची जबाबदारी कुणाची? कमाईचा अंदाज चुकला तर भुर्दंड क्रीडा विभागावर, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर, की खासगी भागीदारावर?

या चार उत्तरांशिवाय ‘परंपरा’ आणि ‘प्रगती’ हे दोन्ही शब्द पोकळ आहेत. कॅम्पसवर राहूनही विद्यार्थी मागे ढकलले जाऊ शकतात आणि दोन मैल दूर जाऊनही त्यांना पुढची रांग मिळू शकते.

डीन स्मिथ यांच्या संघात बास्केट मारणारा खेळाडू आधी पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचा. श्रेय त्याचं, हे सांगायची ती पद्धत. त्यांच्या नावाची इमारत राहो वा जावो, तिथल्या खुर्च्या वाटताना हे बोट कुणाकडे वळतं, यावर तिचा खरा वारसा ठरेल.